मॅटप्लॉटलिबवर उभं असलेलं संशोधनाचं पॅकेज: गोठवावं, सोडावं की सांभाळावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. परभणीतल्या तुमच्या छोट्या गटाने पाऊस, जमिनीतला ओलावा आणि विहिरींची पाणीपातळी यांच्या अभ्यासासाठी पायथनमध्ये एक पॅकेज लिहिलं. एकामागून एक आलेल्या संशोधक विद्यार्थ्यांनी त्यात भर घातली. सगळे आलेख आणि नकाशे मॅटप्लॉटलिब या पायथनच्या आलेख काढणाऱ्या लायब्ररीवर आहेत. नव्या संगणकावर सगळं ताजं इन्स्टॉल केलं तेव्हा निम्म्या स्क्रिप्ट बंद पडल्या. ज्या चालल्या त्यांत तालुक्यांची मराठी नावं मोडकी आली आणि नकाशावर काही भाग कोरे राहिले. आता जुनी आवृत्ती कायमची गोठवायची, की प्लॉटलीसारख्या दुसऱ्या लायब्ररीवर जायचं, असं तुम्ही विचारलं आहे.

माझं मत विचाराल तर दोन्ही नको. तुम्ही सांगितलेली दुखणी तीन आहेत आणि तिघांची कारणं वेगळी आहेत. स्क्रिप्ट बंद पडल्या त्या लायब्ररीत झालेल्या बदलांमुळे. मराठी मोडली ती अक्षरजुळणीच्या, म्हणजे वेलांटी आणि जोडाक्षरं योग्य जागी बसवण्याच्या, मर्यादेमुळे. कोरे भाग बहुधा तुमच्या माहितीतल्या नावांमुळे आहेत, त्यात लायब्ररीचा दोष नसावा. तिन्ही एकत्र धरून लायब्ररी बदलली तर पहिलं दुखणं नव्या रूपात परत येईल आणि तिसरं जागचं हलणार नाही.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर अवलंबून आहेत. छापील प्रबंध, शोधनिबंध आणि अहवाल हे मुख्य काम असेल तर मॅटप्लॉटलिबवरच राहा. शेतकऱ्यांना किंवा कृषी सहाय्यकांना मोबाइलवर हलता-बोलता डॅशबोर्ड द्यायचा असेल तर त्या एका भागासाठी प्लॉटली किंवा बोके ही ब्राउझरमध्ये आलेख दाखवणारी लायब्ररी योग्य आहे. तिथे अक्षरं ब्राउझर जुळवतो, त्यामुळे मराठीचा प्रश्नच येत नाही. प्रत्येक स्वतंत्र फाइल काही एमबींची होते, हे मात्र आधीच हिशेबात धरा. तुमच्या पॅकेजकडे लक्ष द्यायला येत्या दोन वर्षांत कुणी असणार की नाही, हाही प्रश्न आहेच. कुणीच असणार नसेल तर गोठवणं हाच प्रामाणिक मार्ग. मी पुढे जे लिहितो आहे ते कुणीतरी आहे असं धरून.

आधी एक भेद स्पष्ट करू. प्रबंधातली आकृती क्रमांक अमुक काढणारी स्क्रिप्ट आणि दहा जण वापरतात ते पॅकेज या दोन वेगळ्या वस्तू आहेत. स्क्रिप्टला गोठवायचं असतं. तिच्यासोबत पायथनसकट प्रत्येक लायब्ररीची नेमकी आवृत्ती लिहिलेली फाइल ठेवायची आणि पुन्हा हात लावायचा नाही. पॅकेजमध्ये याच्या उलट करायचं. तिथे ‘मॅटप्लॉटलिब ३.७ किंवा त्यापुढची’ अशी फक्त खालची मर्यादा द्यायची. वरची मर्यादा घातली की सहा महिन्यांनी दुसरं एखादं पॅकेज त्याहून नवी आवृत्ती मागतं, इन्स्टॉलर दोघांचं जुळवू शकत नाही, आणि विद्यार्थी तुमचं पॅकेजच काढून टाकतो. तुमच्याकडे या दोन्ही गोष्टी एकाच फोल्डरमध्ये मिसळल्या आहेत असं वर्णनावरून दिसतं. पहिल्यांदा त्या वेगळ्या करा.

जुनी आकृती नेमक्या कोणत्या आवृत्तीने काढली होती हे कुणाला आठवत नसेल तरी हरकत नाही. मॅटप्लॉटलिब पीएनजी फाइल लिहिताना तिच्या मेटाडेटात ‘सॉफ्टवेअर’ या नावाखाली स्वतःची आवृत्ती नोंदवतं. चित्रं वाचणाऱ्या पिलो लायब्ररीने फाइल उघडा आणि तिचा ‘इन्फो’ छापा, आकडा समोर येईल. चित्र व्हॉट्सॲपवरून फिरून आलेलं असेल तर ही नोंद गेलेली असते, म्हणून मूळ फाइल शोधा.

आता स्क्रिप्ट का बंद पडल्या ते पाहू. मॅटप्लॉटलिब जॉन हंटर या मेंदूविज्ञानातल्या संशोधकाने सुरू केलं आणि २००३ मध्ये ते पहिल्यांदा लोकांसमोर आलं. मॅटलॅब या आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरची सवय असलेल्यांना सोपं जावं म्हणून पायप्लॉट हा भाग त्याच धर्तीवर रचला गेला. हंटर २०१२ मध्ये गेले. त्यानंतर जगभरातल्या स्वयंसेवकांनी आणि मोजक्या पगारी लोकांनी काम पुढे नेलं. इतक्या जुन्या घरात दुरुस्त्या होणारच. २०१७ च्या २.० आवृत्तीत मूळ रंगपट ‘जेट’वरून ‘व्हिरिडिस’वर गेला, त्यामुळे त्याआधीचे आणि नंतरचे नकाशे न सांगताच वेगळे दिसू लागले. हिस्टोग्रामचं ‘नॉर्म्ड’ हे ऑप्शन ३.१ मध्ये निघालं, त्याच्या जागी ‘डेन्सिटी’ आलं. ‘सीबॉर्न’ नावाच्या शैलींची नावं ३.६ मध्ये बदलली आणि ३.८ पासून जुनं नाव दिलं की थेट एरर येते. समरेषांच्या (सारख्या मूल्याचे बिंदू जोडणाऱ्या रेषांच्या) आलेखातली ‘कलेक्शन्स’ ही यादी ३.८ मध्ये कालबाह्य ठरली आणि ३.१० मध्ये गेली. भूजलपातळीच्या समरेषा काढणाऱ्या तुमच्या स्क्रिप्ट बहुधा इथेच अडल्या असतील.

यातलं काहीही अचानक घडलेलं नाही. एखादी गोष्ट काढायची ठरली की मॅटप्लॉटलिब किमान दोन उपआवृत्त्या आधीपासून इशारा देतं. म्हणजे ३.६ मध्ये कालबाह्य ठरलेली गोष्ट लवकरात लवकर ३.८ मध्ये निघते. तुम्ही मधल्या सगळ्या आवृत्त्या ओलांडून एकदम नव्यावर आलात, म्हणून इशारे कधी दिसलेच नाहीत.

या नियमातूनच दुरुस्तीची वाट सापडते. दोन-दोन पायऱ्या चढत या. पायथन ३.८ चं एक वेगळं एन्व्हायर्नमेंट, म्हणजे बाकी संगणकापासून अलग ठेवलेलं इन्स्टॉलेशन, करा. त्यात मॅटप्लॉटलिब ३.१ टाका, मग ३.३, मग ३.५, मग ३.७. दर पायरीवर सगळ्या स्क्रिप्ट चालवा आणि मॅटप्लॉटलिबचे कालबाह्यतेचे इशारे एरर म्हणून धरा. पायटेस्ट हे चाचण्या चालवणारं साधन वापरत असाल तर त्याच्या ‘फिल्टरवॉर्निंग्स’ या सेटिंगमध्ये मॅटप्लॉटलिबच्या डेप्रिकेशन वॉर्निंगचं पूर्ण नाव देऊन ‘एरर’ लिहायचं. इशाऱ्यात बहुतेक वेळा पर्यायही सांगितलेला असतो. तो वापरा, पुढच्या पायरीवर जा. ३.७ वर सगळं स्वच्छ चाललं की पायथन ३.११ चं नवं एन्व्हायर्नमेंट करून आधी ३.७ तपासा, मग ३.९, मग ३.१०. दोनापेक्षा जास्त पायऱ्यांची उडी मारली तर इशारा चुकतो आणि हाती फक्त ‘असं काही अस्तित्वात नाही’ एवढी एरर उरते. दोनच पायऱ्या का, याचं उत्तर एवढंच.

या वाटेवर नम्पाय, म्हणजे मॅटप्लॉटलिब ज्यावर उभं आहे ती आकडेमोडीची लायब्ररी, वेगळी सांभाळा. नम्पाय २.० जून २०२४ मध्ये आलं आणि त्याने बायनरी पातळीवरची सुसंगती तोडली. नम्पाय १ धरून कम्पाइल झालेलं जुनं मॅटप्लॉटलिब आणि नम्पाय २ एकत्र आले की ‘नम्पाय १ वर कम्पाइल झालेलं मोड्यूल इथे चालणार नाही’ अशा आशयाची लांबलचक एरर येते. तिचा तुमच्या कोडशी काही संबंध नसतो. ३.७ पर्यंतच्या पायऱ्यांवर नम्पाय २ च्या खाली ठेवा, ३.९ वर गेल्यावर ही मर्यादा काढून टाका.

दुरुस्ती एकदाची होईल, पण दर दोन वर्षांनी हीच वेळ येऊ नये यासाठी रचना बदलावी लागेल, आणि माझ्या दृष्टीने खरं काम तेच आहे. अनेक संशोधन पॅकेजेसमध्ये प्रत्येक फाइलच्या डोक्यावर पायप्लॉट आयात केलेलं असतं, मधेच कुठेतरी फॉन्टचा आकार जागतिक पातळीवर बदललेला असतो, आणि पावसाची सरासरी काढणारं फंक्शन जाता जाता आलेखही काढतं. मग लायब्ररीत एक बदल झाला की चाळीस फाइलींना हात लावावा लागतो. मॅटप्लॉटलिबवर उभी असलेली मोठी पॅकेजेस कशी वागतात ते पाहा. पँडाज, एक्सअरे, जिओपांडाज, सीबॉर्न, ॲस्ट्रोपाय, मेटपाय ही सगळी याच लायब्ररीवर आलेख काढतात. पण पँडाज मॅटप्लॉटलिब आयात करतं ते तुम्ही ‘प्लॉट’ म्हणाल तेव्हाच. फक्त आकडेमोड करणाऱ्याला त्याची गरजही पडत नाही.

तुमच्याकडेही तसंच करा. आलेखाशी संबंधित सगळं एका मोड्यूलमध्ये आणा आणि आयात त्या मोड्यूलमध्येच ठेवा. पॅकेजच्या व्याख्येत मॅटप्लॉटलिब ऐच्छिक अवलंबन म्हणून ‘प्लॉट’ या गटात टाका. प्रत्येक आलेखाचं फंक्शन ‘एएक्स’ हा ऐच्छिक आर्ग्युमेंट घेईल, दिलेल्या अक्षांवर काढेल आणि तेच अक्ष परत करेल. फंक्शनच्या आत ‘शो’ नको, ‘सेव्हफिग’ नको, बॅकएंड (चित्र प्रत्यक्ष काढणारा भाग) ठरवणं तर मुळीच नको. हे तिन्ही वापरणाऱ्याने ठरवायचं असतं. एका पानावर चार जिल्ह्यांचे आलेख शेजारी ठेवायचे आहेत असं उद्या कुणी म्हणालं, तर ‘एएक्स’ घेणारं फंक्शन जसंच्या तसं चालतं. स्वतः फिगर उघडणारं फंक्शन पुन्हा लिहावं लागतं.

रंग, फॉन्ट, रेषांची जाडी हे एका शैली-फाइलमध्ये ठेवा. ३.७ पासून शैली-फाइल पॅकेजच्या आतच ठेवून ‘पॅकेज टिंब शैली’ अशा नावाने हाक मारता येते. वर खालची मर्यादा ३.७ म्हटली, त्यामागे हेही एक कारण आहे. शैली ‘आरसी कॉन्टेक्स्ट’च्या आत लावा, म्हणजे तुमचं पॅकेज आयात केल्यामुळे दुसऱ्याच्या आलेखांचे रंग बदलणार नाहीत.

ढिगाने चित्रं काढण्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण तिथे संगणक अडकल्याचं तुम्ही लिहिलं आहे. मराठवाड्यातले ७६ तालुके आणि जून ते सप्टेंबर हे चार महिने धरले तर ३०४ चित्रं होतात. १० बाय ८ इंचांचं चित्र ३०० डीपीआयला (दर इंचाला ३०० ठिपके) ३००० बाय २४०० पिक्सेलचं होतं. प्रत्येक पिक्सेलला चार बाइट, म्हणजे एका चित्राला सुमारे २९ एमबी. पायप्लॉटने उघडलेली फिगर ते स्वतःच्या यादीत धरून ठेवतं. तुमच्या व्हेरिएबलमध्ये पुढचं चित्र आलं तरी आधीचं मेमरीतून जात नाही. तशी ३०४ साठली की ढोबळमानाने पावणेनऊ जीबी होतात आणि आठ जीबीचा संगणक बसतो. वीसच्या वर फिगर उघड्या राहिल्या की मॅटप्लॉटलिब इशारा देतं. तो बंद करण्याचं सेटिंग शोधू नका, तो अगदी बरोबर सांगत असतो. लूपच्या शेवटी फिगर बंद करा. त्याहून चांगलं म्हणजे अशा कामात पायप्लॉट वापरूच नका. ‘मॅटप्लॉटलिब टिंब फिगर’मधला फिगर हा क्लास थेट घ्या, त्यावर ‘सबप्लॉट्स’ने अक्ष बनवा आणि सेव्ह करा. मग यादीत काही राहत नाही. पडदा नसलेल्या सर्व्हरवरही हे चालतं, आणि वेब ॲपमध्ये तर असंच करायला हवं.

आता मराठी. इथे लायब्ररीची मर्यादा खरी आहे. ३.१० पर्यंतचं मॅटप्लॉटलिब मजकूर काढताना एका युनिकोड अक्षराला फॉन्टमधली एक आकृती लावतं आणि साठवलेल्या क्रमाने ओळीत मांडतं. देवनागरीला एवढं पुरत नाही. पहिली वेलांटी साठवली जाते व्यंजनानंतर, पण काढायची असते आधी. रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढवावा लागतो. जोडाक्षराला फॉन्टमधली वेगळी आकृती शोधावी लागते. हे काम हार्फबझसारखं जुळणी करणारं इंजिन करतं आणि मॅटप्लॉटलिबच्या नेहमीच्या बॅकएंडमध्ये ३.१० पर्यंत ते नाही.

म्हणून चाचणीला नाव निवडताना सावध राहा. लातूर, बीड, जालना, परभणी, नांदेड या नावांत वेलांटीची उलटापालट नाही आणि जोडाक्षरही नाही, त्यामुळे ती जवळपास ठीक दिसतात आणि काम झालं असं वाटतं. हिंगोली आणि धाराशिवमध्ये वेलांटी चुकीच्या बाजूला जाते. छत्रपती संभाजीनगरमधला ‘त्र’ पाय मोडून उभा राहतो. तालुक्यांत जिंतूर, किनवट आणि निलंगा वेलांटीसाठी, पूर्णा आणि अर्धापूर रफारासाठी तपासा. ही पाच नावं बरोबर आली तर बाकीचीही बहुतेक बरोबर येतील.

अक्षरांच्या जागी चौकोन येणं हा याहून वेगळा आणि सोपा प्रश्न आहे. मूळ फॉन्ट डेजाव्हू सान्समध्ये देवनागरी नाही, म्हणून चौकोन. नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्ताची फाइल पॅकेजमध्येच ठेवा. दोन्हींचा परवाना खुला आहे. फॉन्ट मॅनेजरच्या ‘ॲडफॉन्ट’ने ती नोंदवा. व्हेरिएबल फॉन्टची फाइल घेऊ नका, साध्या आणि ठळक वजनाच्या वेगवेगळ्या स्थिर फाइली घ्या. फॉन्टच्या यादीत देवनागरीनंतर डेजाव्हू सान्सही लिहा. ३.६ पासून एका फॉन्टमध्ये न सापडलेलं अक्षर पुढच्या फॉन्टमध्ये शोधलं जातं. उणे चिन्हाचा चौकोन होतो तोही याने जातो, आणि पावसाच्या तुटीच्या आलेखात उणे चिन्ह गेलं तर अर्थच उलटतो.

जुळणीसाठी तीन मार्ग आहेत. छापील कामासाठी मी एसव्हीजी या रेखाचित्रांच्या फाइल-प्रकाराचा सुचवतो. ‘एसव्हीजी फॉन्टटाइप’ हे सेटिंग ‘नन’ करा. मग अक्षरं आकृत्या म्हणून न जाता मजकूर म्हणूनच फाइलमध्ये जातात, आणि ती फाइल ब्राउझरमध्ये किंवा इंकस्केप या चित्रकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली की जुळणी तिथे बरोबर होते. इंकस्केपमधून पीडीएफ काढली की ती कुठेही पाठवता येते. अट अशी की फॉन्ट त्या संगणकावर इन्स्टॉल असला पाहिजे. मॅटप्लॉटलिबने शब्दाची रुंदी जुळणीविना मोजलेली असते, त्यामुळे जोडाक्षरं असलेली लांब नावं मध्यावरून थोडी सरकलेली दिसू शकतात. नकाशावरच्या नावांभोवती थोडी मोकळी जागा सोडा.

प्रबंध लाटेक या मजकूर छपाईच्या प्रणालीत असेल तर पीजीएफ बॅकएंड तिच्या झीलाटेक या प्रकाराबरोबर वापरा. प्रीअँबलमध्ये फॉन्ट देताना ‘Script=Devanagari’ हे लिहायला विसरू नका, आणि ‘पीजीएफ आरसीफॉन्ट्स’ बंद ठेवा, नाहीतर मॅटप्लॉटलिबची फॉन्टची निवड तुमच्यावर लादली जाते. निकाल उत्तम येतो, पण वेळ लागतो. ३०४ चित्रांसाठी हा मार्ग धरू नका. थेट पीएनजीच हवी असेल तर एमपीएलकैरो नावाचा स्वतंत्र बॅकएंड आहे. संगणकावर राक्म ही लायब्ररी असेल तर तो जुळणी करतो. लिनक्सवर हे सरळ जमतं, विंडोजवर राक्म बसवायला खटपट करावी लागते.

अक्षांवरचे आकडे देवनागरीत हवे असतील तर एवढं काही लागत नाही. अंकांना जुळणी नको असते, फंक्शन-फॉर्मॅटरमध्ये अंक बदलून द्या आणि झालं.

नकाशातल्या कोऱ्या भागांकडे येतो. सप्टेंबर २०२३ मध्ये औरंगाबाद आणि उस्मानाबाद या जिल्ह्यांची नावं अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव झाली. सीमांची फाइल जुनी आणि पावसाची फाइल नवी असेल तर नावांवर जोडताना हे दोन जिल्हे जुळतच नाहीत. तालुक्यांत अंबाजोगाईसारख्या नावांची इंग्रजी स्पेलिंग दोन-तीन प्रकारे लिहिलेली सापडतात, तिथेही हेच होतं. जिओपांडाज ही नकाशांची लायब्ररी गहाळ मूल्याचा बहुकोन काढतच नाही, म्हणून जागा पांढरी राहते. नावांऐवजी जनगणनेचा किंवा स्थानिक शासन निर्देशिकेचा कोड वापरून जोडा. आणि ‘मिसिंग केडब्ल्यूडीएस’ला करडा रंग द्या. पांढरा भाग पाहून वाचक पाऊस शून्य समजतो, करड्या भागावरून माहिती नाही हे कळतं. दुष्काळाबद्दल बोलणाऱ्या नकाशात हा फरक फार मोठा आहे.

याच नकाशाच्या रंगांच्या सीमाही एकदा तपासून घ्या. भारतीय हवामान विभागाच्या वर्गवारीत सरासरीपासूनचा फरक उणे १९ ते अधिक १९ टक्के असेल तर सामान्य, २० ते ५९ जास्त, ६० आणि वर अतिजास्त, उणे २० ते उणे ५९ कमी, उणे ६० ते उणे ९९ अत्यंत कमी आणि उणे १०० म्हणजे पाऊस नाही. ही वर्गवारी पूर्ण आकड्यांत आहे, तुमचा फरक मात्र दशांशात निघतो. सीमा उणे १९ ठेवली तर उणे १९.३ टक्क्यांचा तालुका ‘कमी’त जातो, वास्तविक तो ‘सामान्य’ आहे. मूल्यांना रंगांच्या खान्यांत वाटणाऱ्या बाउंडरीनॉर्मला सीमा उणे १००.५, उणे ९९.५, उणे ५९.५, उणे १९.५, १९.५ आणि ५९.५ द्या, ‘एक्स्टेंड’ला ‘मॅक्स’ सांगा आणि रंग सहा घ्या. सहा सीमांमध्ये पाच खाने आणि वरचा एक, असे सहा. ‘पाऊस नाही’ हा वर्ग मात्र टक्केवारीवरून न ठरवता प्रत्यक्ष मिलिमीटर शून्य आहेत का यावरून ठरवा, कारण उणे ९९.७ मध्येही थोडा पाऊस पडलेला असतो. आणि वर्ग ठरवणारं फंक्शन आलेखाच्या मोड्यूलच्या बाहेर ठेवा. त्याची चाचणी चित्राशिवाय, नुसत्या आकड्यांवर होते.

चाचण्यांचं बोलायचं तर चित्रांची तुलना मोजकीच ठेवा. पायटेस्ट-एमपीएल हे साधन आधी एकदा आधारचित्रं बनवतं आणि पुढे प्रत्येक वेळी नवं चित्र त्यांच्याशी पिक्सेलवार ताडतं. यात सगळ्यात जास्त त्रास मजकूर देतो. पिप या पायथनच्या इन्स्टॉलरने मिळणाऱ्या मॅटप्लॉटलिबमध्ये ३.१० पर्यंत फ्रीटाइप या अक्षरं रेखाटणाऱ्या लायब्ररीची वर्षानुवर्षं एकच आवृत्ती, २.६.१, आतच बांधलेली होती. कोंडा या दुसऱ्या इन्स्टॉलरचं किंवा लिनक्स वितरणाचं मॅटप्लॉटलिब वेगळी फ्रीटाइप वापरतं आणि अक्षरांच्या कडा बदलतात. एकाच्या संगणकावर पास आणि दुसऱ्याच्या संगणकावर नापास होण्याचं नेहमीचं कारण हेच. आधारचित्रं आणि तपासणी दोन्ही एकाच मार्गाने इन्स्टॉल केलेल्या एकाच आवृत्तीवर करा, आणि शक्य तिथे मजकूर काढून टाकण्याचं ऑप्शन लावा. बाकी चाचण्या वस्तूंवर घ्या. रेषा किती आहेत, रेषेतली वाय मूल्यं काय आहेत, अक्षाचं शीर्षक काय आहे. एसव्हीजी फाइली गिटमध्ये (कोडमधले बदल नोंदवणाऱ्या प्रणालीत) ठेवत असाल तर ‘हॅशसॉल्ट’ ठरावीक द्या आणि मेटाडेटातली तारीख काढा, नाहीतर काहीही न बदलता प्रत्येक वेळी फाइल बदललेली दिसते.

पॅकेज गिटहबवर खुलं असेल तर तिथली स्वयंचलित तपासणी मोफत मिळते. आठवड्यातून एकदा तीन आवृत्त्यांवर चालवा. तुमची सगळ्यात खालची, सगळ्यात ताजी, आणि रोज रात्री तयार होणारी विकासातली. तिसरी मोडली तर घाबरायचं कारण नाही, पण पुढच्या प्रकाशनाआधी काही महिने हातात मिळतात. त्या काळात नोंदवलेली अडचण ऐकली जाण्याची शक्यता प्रकाशनानंतरच्या तक्रारीपेक्षा कितीतरी जास्त असते. नोंदवताना वीस ओळींच्या आतलं, तुमच्या माहितीशिवाय चालणारं उदाहरण द्या. देवनागरीच्या जुळणीबद्दल तर आपल्याकडून नेमकी उदाहरणं जायलाच हवीत. ‘अर्धापूर’ कसं दिसतं आणि कसं दिसायला हवं, हे मराठी वाचणाऱ्यानेच सांगायचं आहे. शोधनिबंधात मॅटप्लॉटलिबचा संदर्भही द्या, म्हणजे हंटर यांचा २००७ चा लेख आणि वापरलेल्या आवृत्तीचा झेनोडो या संशोधन-संग्रहातला क्रमांक. या प्रकल्पाला अनुदान मागताना असे संदर्भ उपयोगी पडतात.

इंटरनेट बेभरवशाचं असलेल्या प्रयोगशाळेसाठी, एकदा नेट असताना पिपच्या ‘डाउनलोड’ने सगळ्या व्हील फाइली (इन्स्टॉलसाठी तयार पॅकेजं) एका फोल्डरमध्ये उतरवून ठेवा आणि बाकी संगणकांवर त्याच फोल्डरमधून, इंडेक्स बंद करून इन्स्टॉल करा. पायथनची आवृत्ती आणि ऑपरेटिंग सिस्टीम सगळीकडे सारखी असली पाहिजे, नाहीतर व्हील बसत नाही.

कामाचा क्रम मी असा ठेवेन: आधी प्रबंधाच्या स्क्रिप्ट वेगळ्या करून गोठवणं, मग कोड वापरून नकाशाची जोडणी सुधारणं, मग दोन-दोन पायऱ्यांनी वर येणं, आणि आलेखांचं मोड्यूल त्यानंतर. मोड्यूल आधी हलवलं तर चूक जुनी की नवी हे कळत नाही. मराठी लेबलांचं काम यापैकी कशावरच अडून नाही, ते दुसऱ्या कुणी समांतर केलं तरी चालेल.

अजूनही एखादी स्क्रिप्ट अडली तर पूर्ण एरर, मॅटप्लॉटलिब, नम्पाय आणि पायथन यांच्या आवृत्त्या, बॅकएंडचं नाव, आणि पिपने टाकलंय की कोंडाने, एवढं लिहा. फक्त शेवटची ओळ देऊ नका, कारण चूक तुमच्या फाइलीत आहे की मधल्या एखाद्या पॅकेजमध्ये, हे वरच्या ओळींवरूनच कळतं.